झाड आणि इमारत एकाच चित्रात: जलरंगातला क्रम, टप्प्याटप्प्याने

दर रविवारी आमच्यासोबत स्केचिंगला नवीन कोणी ना कोणी येतं. हात बरा असतो, रंग चांगले असतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ग्रेडही मिळालेली असते. तरी दोन तासांनी कागद भिंतीला टेकवून लांबून बघितला की तेच दिसतं: इमारत नीट, खिडक्या मोजून आठ, आणि त्यावर मागाहून आणून चिकटवलेलं हिरवं झाड. दुसरा प्रकार याच्या उलट. बाग मन लावून रंगवलेली आणि मागे करड्या ठोकळ्यांची रांग. दोन्हीकडे झाड आणि घर वर्षानुवर्षं शेजारी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

माझं असं एक चित्र माटुंग्यात एका गेटसमोर झालं. मागे उभे राहून बघणारे वॉचमनकाका बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "साहेब, सगळं मस्त आहे, पण झाड उगवलंय कुठून?" बुंधा मी फुटपाथच्या चार बोटं वरच संपवला होता. तिथे स्कूटर उभी होती आणि ती चित्रात काढायचा मला कंटाळा आला होता.

बहुतेक वेळा घोळ क्रमात असतो. खालचा क्रम जलरंगासाठी आहे. कागद पाव इंपिरियल, म्हणजे ११ × १५ इंच, आणि बैठक साधारण अडीच तासांची. उदाहरण दादर-माटुंग्याच्या पाच बागांच्या परिसरातलं घेतलंय: फुटपाथवर वर्षावृक्ष (रेन ट्री), मागे गॅलऱ्या असलेली जुनी इमारत. तुमच्याकडे वड आणि वाडा असेल, तरी क्रम हाच.

१. जागा: आधी सांधा शोधा

सुंदर झाड शोधू नका, सुंदर इमारतही शोधू नका. दोघांचा एकमेकांना धक्का कुठे लागलाय ते शोधा. मी त्याला सांधा म्हणतो. मुळांनी उचललेले पेव्हर ब्लॉक. बुंध्याला जागा द्यायला खाच पाडून बांधलेली कंपाउंडची भिंत. वायरींसाठी एका बाजूने छाटून बोडकं केलेलं झाड. आणि मुंबईत तर गल्लीगल्लीत दिसणारा, ड्रेनेजच्या पाइपाला लगटून उगवलेला पिंपळ.

हा पिंपळ नीट बघा, कारण तिथे दिसण्यामागे कारण आहे. पक्षी पिंपळाची फळं खातात, विष्ठेतून बी भिंतीच्या भेगेत पडतं, आणि पाइपाचा सांधा गळका असला की त्याला बारमाही पाणी मिळतं. म्हणजे पिंपळ आहे तिथे ओल आहे, आणि खाली भिंतीवर काळपट-हिरवा ओघळही आहे. पिंपळ रंगवून ओघळ गाळला तर पान कुंडीतलं वाटतं. ओघळ काढला की भिंतीचं वय आणि पिंपळाची चिकाटी दोन्ही आपोआप येतात.

*तपासा:* एक डोळा मिटून अंगठ्याने झाड झाका. उरलेल्या इमारतीवर झाडाची काही खूण दिसते का? सावली, डाग, ढळलेला कठडा, काहीही. मग इमारत झाकून झाडाकडे बघा. त्याच्या आकारावर इमारतीची खूण आहे का? दोन्ही उत्तरं "नाही" आली तर स्टूल उचला.

*सावध:* खाडीपलीकडची टॉवरांची रांग आणि अलीकडे तिवरांचा हिरवा पट्टा हा देखावा मोह पाडतो. पण इतक्या लांबून सांधा दिसत नाही, दोन आडवे पट्टे तेवढे मिळतात. पहिल्या दहा चित्रांत तरी रस्ता ओलांडून पलीकडे बसण्याएवढंच अंतर ठेवा.

२. वेळ आणि बसायची बाजू

भिंतीवर झाडाची सावली हवी असेल तर झाड सूर्य आणि भिंत यांच्या मध्ये हवं. एवढं साधं गणित, पण निम्मे लोक इथेच चुकतात. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सकाळी घ्या, पश्चिमेकडची दुपारनंतर. आणि स्वतः सूर्याला पाठ करून अगदी समोर बसू नका, भिंत सपाट दिसते. थोडं बाजूला सरका, म्हणजे गॅलऱ्यांची खोली उघडी पडते.

महिना महत्त्वाचा. मुंबईत मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली झाडाखालीच गोळा होते आणि भिंत कोरी राहते. डिसेंबरात मात्र दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य साधारण ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे दिवसभर लांब सावल्या मिळतात. शिकायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ घ्या, आठ ते साडेदहा.

वर्षावृक्षाची एक खोड लक्षात ठेवा. संध्याकाळी आणि दाट ढगाळ हवेत त्याची पानं मिटतात. पाचला बसलात तर चित्र निम्मं होईपर्यंत तुमचं झाड विरळ झालेलं असतं, आणि तुम्ही आधीच्या दाट छत्रीचा हिरवा कालवत असता.

३. सामान

थोडक्यात उरकतो, कारण सामानावर बोलत बसलं की चित्र राहून जातं.

कागद ३०० जीएसएम, जमल्यास कॉटनचा. साध्या कार्ट्रिज कागदावर पहिल्याच मोठ्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या हाताला, लाटा येतात. पावसाळ्यात कागद घट्ट बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दमटपणाने कागदाचं साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) बिघडलं तर रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत जातो आणि डाग धरतो. चारही बाजूंनी मास्किंग टेप. गोल ब्रश १२ आणि ८ नंबर, एक इंची फ्लॅट, आणि वायरींसाठी एक रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. दोन भांडी पाणी, सुती फडकं, २बी पेन्सिल. डासांचं मलम विसरू नका, बागेजवळ पाय फोडून काढतात.

रंग सात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळा नको. ट्यूबमधला तयार हिरवाही घरी ठेवा. हिरवा असा बनवा:

- ऊन पडलेलं पान: लेमन यलोत प्रशियन ब्लूचं टोक
- मधला, धुळकट हिरवा: यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन
- आतला गर्द: प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची जोडी मात्र दोन्हीकडे चालवायची. त्यातूनच बुंध्याचा तपकिरी करडा निघतो, प्लास्टरचा करडा निघतो, डांबराचाही. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की ऊबदार. झाड आणि इमारत एकाच उजेडात उभी आहेत असं वाटायला या जोडीचा फार उपयोग होतो. झाडाला एक डबी आणि इमारतीला दुसरी असं केलंत की सुरुवातीलाच फारकत.

४. थंबनेल: वरचढ कोण ते ठरवा

आगपेटीएवढे तीन चौकोन काढा. प्रत्येकी पाच मिनिटं, फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला, गडद. एका चौकोनात झाडाला साधारण दोन तृतीयांश जागा द्या, दुसऱ्यात इमारतीला. तिसऱ्यात झाडाचा शेंडा कागदाबाहेर जाऊ द्या, फक्त बुंधा, मुळं आणि तळमजला. माझा अनुभव असा, की दहापैकी सात वेळा तिसराच चांगला निघतो. तरी पहिले दोन काढावेच लागतात.

अर्धं-अर्धं वाटप टाळा. डावीकडे झाड, उजवीकडे इमारत, मध्ये आकाशाची फट, म्हणजे दोन चित्रं एका कागदावर.

*तपासा:* सर्वात गडद आणि सर्वात उजळ टोन जिथे भेटतात ती जागा सांध्याजवळ आहे का? ती लांबच्या खिडकीवर गेली असेल तर थंबनेल पुन्हा.

५. रेखाटन: बुंध्याच्या पायापासून

क्रम पाळा.

आधी डोळ्यांची पातळी. घडीच्या स्टुलावर बसलात तर ती जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटरवर असते, म्हणजे उभ्या माणसांची डोकी या रेषेच्या वर जातात आणि उभ्या स्कूटरची सीट खाली राहते. बसून चित्र काढायचं आणि यथार्थदर्शन उभ्या माणसाचं द्यायचं, ही चूक फार जुनी.

मग बुंधा जमिनीला टेकतो ती जागा. रंगवणार असाल तर स्कूटर काढा, नसाल तर मनातल्या मनात बाजूला लोटून बुंधा खाली पोचवा. त्यानंतर फुटपाथची कड, भिंतीचा पाया, आणि या तिघांमधली अंतरं. पेन्सिल हात ताठ करून धरा आणि बुंध्याची रुंदी हे माप घ्या: भिंत किती बुंधे मागे, गेट किती बुंधे डावीकडे.

इतकं झाल्यावर झाड वर न्या. पहिली फांदी फुटते ती जागा गॅलरीच्या कठड्याच्या वर की खाली? छत्रीची डावी-उजवी टोकं कुठल्या खिडकीपाशी? वर्षावृक्षाचा विस्तार उंचीपेक्षा जास्त असू शकतो, हात सवयीने त्याला उभा आंबा करतो. वायरींसाठी छाटलेली बाजू तशीच बोडकी ठेवा, दया येऊन भरू नका. पानांमधल्या आकाशाच्या आणि भिंतीच्या फटी हलक्या रेषेने राखा, सात-आठ पुरेत.

इमारत सर्वात शेवटी. फक्त मजल्यांच्या रेषा आणि कडा. खिडक्या आत्ता काढायच्या नाहीत.

*सावध:* बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे असतील तर ते सरळ आडवे ओढू नका. ते डोळ्यांच्या पातळीखाली असतात, म्हणून खाली झुकलेल्या कमानीसारखे दिसतात. सरळ पट्टा मारला की बुंधा पुठ्ठ्याचा होतो.

६. पहिला वॉश: सगळ्यांना एकच पाणी

आता मोठा फ्लॅट घ्या आणि हद्दी विसरा. आकाशाच्या अगदी फिक्या निळ्यापासून सुरू करा, न थांबता भिंतीच्या ऑकरमध्ये उतरा, पानांच्या उजेडाच्या जागी ओल्यातच पिवळट हिरवा सोडा, खाली फुटपाथवर बर्न्ट सिएनाचं पाणी. रंग एकमेकांत थोडे पळतील. पळू द्या. भिंतीवर हिरव्याची झाक येते ती खरीच असते, उन्हातलं झाड शेजारच्या भिंतीला रंग देतं. उन्हातली पिवळी भिंतही पानांच्या खालच्या बाजूला उजळवते.

कोरं ठेवायचं ते आत्ताच राखा: ऊन पडलेला कठडा, एखादं वाळत घातलेलं पांढरं धोतर, गाडीच्या काचेवरची चमक. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना वाटतो त्यापेक्षा थोडा दाट द्या.

*तपासा:* पुढे जाण्याआधी हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून ओल आहे. चहा घेऊन या. हा विनोद नाही, पुढचा टप्पा ओल्या कागदावर फसतोच.

७. सावली: चित्र इथे होतं

वेळ जाऊ द्यायचा तो इथे. भिंतीवर पडलेली सावली झाडाची असते आणि आकार मात्र इमारतीचा घेते. ती रस्त्यावर आडवी पडते, फुटपाथच्या कडेवर एक पायरी चढते, भिंतीपाशी पोचली की मोडून उभी होते, गॅलरीच्या छज्जावर पुढे येते आणि छज्जाखाली पुन्हा आत जाते. ही मोड नीट काढली तर एकही खिडकी न रंगवता इमारत उभी राहते, आणि झाड कुठे उभं आहे तेही कळतं.

आधी पेन्सिलने सावलीची बाहेरची कड आखा आणि घड्याळात बघा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. वीस मिनिटांत सावली एका खिडकीवरून दुसरीवर गेलेली असते. म्हणून कड एकदा आखली की तीच धरायची. मध्येच नव्या सावलीचा पाठलाग केला तर चित्रात दोन सूर्य होतात.

आता कवडशांकडे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवरचे उजेडाचे ठिपके गोलच दिसतात. प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते, बारीक भोकातून पडल्यासारखी. फटीपासून जेवढं अंतर, त्याचा साधारण १०८ वा भाग एवढा ठिपक्याचा व्यास. किरण फटीपासून जमिनीपर्यंत १० मीटर आला असेल तर ठिपका सुमारे ९ सेंटीमीटरचा, बशीहून लहान. जवळच्या फांदीचे ठिपके लहान आणि ठळक, वरच्या शेंड्याचे मोठे आणि विरलेले. बसलेल्या डोळ्यांना जमिनीवरचे ठिपके आडवे लांबट दिसतात, भिंतीवरचे वेगळे. सगळीकडे सारखेच गोल काढलेत तर भिंत आणि रस्ता एकाच पातळीत येतात.

सावलीच्या कडेलाही हाच नियम. बुंध्याच्या पायाशी कड धारदार, लांब जावं तशी मऊ. लांबच्या कडेला स्वच्छ ओला ब्रश एकदाच फिरवा.

रंग: अल्ट्रामरीन जास्त, बर्न्ट सिएना कमी, क्रिमसनचा थेंब. जमिनीजवळ सिएना वाढवा, कारण उन्हातल्या रस्त्याचा उजेड परत भिंतीवर येतो. वाटीभर रंग आधीच तयार ठेवा. १२ नंबरचा ब्रश भरून वरून खाली, भिंतीवरून, छज्जावरून, फुटपाथवरून, रस्त्यापर्यंत एकाच दमात. मध्ये कवडसे कोरे सोडत जा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, जुन्या प्लास्टरला ते शोभतं.

*सावध:* सुकत आलेल्या सावलीत परत ब्रश घालू नका. फ्लॉवरसारखा डाग फुटतो. कमी पडली असेल तर पूर्ण सुकल्यावर दुसरा थर, तोही एकदाच.

*सावध:* सावलीत तयार काळा किंवा पेन्स ग्रे (ट्यूबमधला निळसर गडद करडा) घालायचा मोह होईल. भिंत मेल्यासारखी दिसते.

८. पानं: किती कडा सोडायच्या

झाडाचा मधला टोन आता. पान पान काढू नका, झुबके बघा. ब्रश आडवा धरून घासला की कागदाच्या पोतामुळे बाहेरची कड आपोआप तुटक येते.

कड कुठे ठळक आणि कुठे हरवलेली, यावर लक्ष द्या. उन्हातल्या भिंतीसमोर गर्द पानं असतील तिथे कड ठळक. सावलीतली पानं आणि सावलीतली भिंत शेजारी आली तर दोन्ही ओले असताना मिसळू द्या. निदान तीन जागी झाड कुठे संपलं आणि घर कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये. लोकांना हे जमत नाही, कारण पेन्सिलची रेषा दिसते आणि हात तिथेच थांबतो.

उजळ फांद्या भिंतीसमोर हव्या असतील तर फांदी रंगवू नका, मागची भिंत गडद करून फांदी सोडा. गर्द हिरवा सर्वात शेवटी, फांद्यांच्या बेचक्यात. पावसाळ्यात बसलात तर वर्षावृक्षाच्या आडव्या फांद्यांवर शेवाळ आणि नेचे दिसतील, दोन फटकाऱ्यांत दाखवा.

९. इमारतीचे तपशील: मोजून

आता खिडक्या. सांध्याजवळच्या दोन नीट, बाकीच्या नुसत्या गडद फटकाऱ्याने. एसीचं यंत्र एक पुरे. ग्रिलचे सगळे गज काढले की नजर तिथेच अडकते. वायरी रिगरने, झाडाची छाटलेली बाजू जिथे आहे तिथूनच गेल्या पाहिजेत, नाहीतर छाटणीचं कारण हरवतं. वायर एका दमात ओढा, मध्येमध्ये तुटू द्या.

१०. परत सांध्यापाशी

शेवटची वीस मिनिटं बुंध्याच्या पायाशी. उचललेला पेव्हर ब्लॉक एका कडेने उजळतो आणि दुसऱ्या कडेखाली बारीक काळी फट पडते. ती फट काढली की मुळाची ताकद दिसते, मूळ काढायची गरजही उरत नाही. सिमेंटचा कट्टा बुंध्याला भिडतो तिथे तडा असतो. गेरूला लाइट रेड, थोडा ऑकर घालून. झाडाला ठोकलेली नंबराची पत्री, खिळ्याखाली उतरलेला गंजाचा ओघळ. वड असेल आणि वटपौर्णिमा होऊन गेली असेल तर बुंध्याभोवती सुताचे वेढे असतील. ते पांढऱ्या रंगाने काढू नका. रंग सुकल्यावर ब्लेडच्या टोकाने कागद हलका खरवडा.

यातले तीन घ्या, सगळे नको. आणि हो, स्कूटर.

११. थांबण्याआधी

चित्राचा मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. झाड आणि भिंत एकाच करड्यात बुडाली असतील तर सांध्याजवळचा गडद एकदा वाढवा. मग कागद उलटा धरून बघा. झाड इमारतीवरून गळून पडेल असं वाटलं तर पायाची सावली कमी पडली आहे. ती वाढवा, पानं वाढवू नका.

टेप कागद पूर्ण सुकल्यावर, बाहेरच्या दिशेने तिरकी ओढून काढा. मागे पेन्सिलने तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि आपण कुठे बसलो होतो ते लिहा. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी होऊन गेली की तोच कागद घेऊन त्याच जागी जा आणि शेजारी दुसरा लावा. कुठली फांदी गेली ते आधी भिंतीवर कळेल: पूर्वी सावलीत असलेली खिडकी उन्हात आलेली असेल, आणि आतल्यांनी तिला बहुधा पडदा लावलेला असेल.